थापीच्या जोडीला वही हवी
लहान बांधकाम ठेकेदारासाठी हिशेबाच्या आणि कायद्याच्या काही गोष्टी

आपल्या वस्त्यांतून रोज सकाळी कितीतरी माणसे डबा घेऊन बांधकामावर जातात. कोणी गवंडी, कोणी सेंट्रिंगवाला, कोणी सळई बांधणारा, कोणी फरशी बसवणारा, कोणी बिगारी. घमेली वाहणाऱ्या आयाबहिणींची संख्या तर मोठीच. गाव सोडून शहरात आलेल्या आधीच्या पिढीने नाक्यावर उभे राहून हे काम धरले. पुढच्या पिढीने त्यात हात बसवला. आता घरातला एखादा मुलगा आय.टी.आय. झाला आहे, एखाद्या मुलीने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे, आणि 'दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस राबायचे?' असे म्हणून काही जण स्वतःच ठेका घेऊ लागले आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे.

पण पहिल्या दोन-तीन कामांतच अनेकांचे हात पोळतात. भिंत ओळंब्यात असते, गिलावा सुबक असतो, तरी शेवटी घरात पैसा येत नाही. उलट बायकोचे किडूकमिडूक गहाण पडते आणि मजूर हजेरी मागायला दारात येऊन बसतात. मालक म्हणतो, 'एवढेच ठरले होते.' मिस्त्री म्हणतो, 'जास्त ठरले होते.' काय ठरले होते याचा कागद मात्र दोघांकडेही नसतो. थापीत कसूर नसते, कसूर वहीत असते. ती वही कशी ठेवावी आणि कायदा आपल्याकडून काय मागतो, आपल्याला काय देतो, हे आज पाहू.

दर कसा काढावा?

लहान ठेका मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एक मजुरीचा ठेका. यात सिमेंट, सळई, वाळू, खडी, विटा मालक आणतो. माणसे आणि हत्यारे आपली. दुसरा मालासह ठेका. यात सगळा माल आपणच भरायचा. मालासह ठेक्यात नफा जास्त दिसतो, पण सिमेंट-सळईचा भाव मध्येच चढला तर तो चढा भाव आपल्याच खिशातून जातो. नव्या माणसाने पहिली कामे मजुरीच्या ठेक्यानेच घ्यावीत हे बरे.

दर सांगताना बहुतेक जण 'शेजारचा मिस्त्री काय घेतो' एवढेच पाहतात. शेजाऱ्याचा दर हा आपला हिशेब नव्हे. एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे दर त्यांच्या जागी घालावेत.

समजा, ८०० चौरस फुटांचे घर ३०० रुपये चौरस फुटाने मजुरीच्या ठेक्यावर घेतले. एकूण येणे २,४०,००० रुपये. खर्च असा: गवंड्याच्या ९० हजेऱ्या, प्रत्येकी ९०० रुपये, म्हणजे ८१,०००. बिगाऱ्यांच्या १५० हजेऱ्या, प्रत्येकी ६०० रुपये, म्हणजे ९०,०००. सेंट्रिंग व सळई बांधणीचा पोटठेका ४०,०००. मिक्सरचे भाडे, हत्यारे, वाहतूक, चहापाणी १४,०००. एकूण २,२५,००० रुपये. हातात राहिले १५,०००.

माणूस म्हणतो, 'चला, पंधरा हजार सुटले.' पण या कामावर तो स्वतः ७५ दिवस राबला ते कुठे गेले? हेच ७५ दिवस तो दुसऱ्याकडे ९०० रुपये रोजाने गेला असता तर ६७,५०० रुपये मिळाले असते, आणि रात्रीची झोपही लागली असती. म्हणजे सुटले काहीच नाही, ५२,५०० रुपये बुडाले. स्वतःची हजेरी धरली तर खर्च २,९२,५०० होतो. त्यावर जोखमीचे म्हणून निदान १० टक्के, म्हणजे २९,२५० रुपये चढवले तर ३,२१,७५० होतात. ८०० ने भागले की दर येतो सुमारे ४०२ रुपये. ३०० आणि ४०२ यांमधले हे अंतर म्हणजे वही असण्या-नसण्यातले अंतर.

रोजची हजेरी, दिलेली उचल आणि मालकाकडून आलेली रक्कम, एवढी तीन पाने रोज संध्याकाळी भरली तरी पुष्कळ झाले. हे काम घरातील शिकलेली सून किंवा दहावीतली मुलगीही सहज करू शकते. बांधकामाचा पैसा आणि घरखर्चाचा पैसा मात्र एका डब्यात ठेवू नये. मालकाने दिलेली उचल ही आपली कमाई नसते, पुढच्या आठवड्याची मजुरांची हजेरी असते.

मापाचे भांडण

शेवटच्या बिलावरची बहुतेक भांडणे मापावरून होतात. चौरस फूट कुठला धरायचा? स्लॅबचा की आतल्या खोल्यांचा? जिना, छज्जा, पाण्याची टाकी, शोषखड्डा, कुंपणाची भिंत यात आहेत की वेगळी? दाराखिडक्यांच्या मोकळ्या जागा गिलाव्यात वजा करायच्या की नाही? याची उत्तरे काम सुरू होण्यापूर्वी ठरली तर भांडण होत नाही. काम संपल्यावर काढली तर मिटत नाही.

मालासह ठेका असेल तर मालाचे मापही यावे लागते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीचा हौदा आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल २.५ फूट उंच भरलेला असेल तर १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास झाली. दुकानदार 'दोन ब्रास' म्हणाला म्हणून दोन होत नाही. सळईचेही तसेच. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी, तिला त्याच आकड्याने गुणावे आणि १६२ ने भागावे. एका मीटरचे वजन किलोत मिळते. ८ मि.मी. ची सळई मीटरला ०.३९५ किलो, १० ची ०.६१७, १२ ची ०.८८९, आणि १६ ची १.५८ किलो भरते. १२ मि.मी. ची १२ मीटर लांबीची सळई सुमारे १०.६७ किलोची. एवढे पाठ असले की वजनकाट्यावर कोणी फसवू शकत नाही.

बोलणे कागदावर आणा

आपल्याकडे करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याने चालतात. या कायद्याने तोंडी करारही करारच असतो. एकाने देऊ केले, दुसऱ्याने मान्य केले, मोबदला ठरला, दोघेही सज्ञान आणि कोणावर जबरदस्ती नाही, एवढे जुळले की करार झाला. पण तोंडी करार न्यायालयात सिद्ध करायचा म्हणजे साक्षीदार शोधत फिरायचे. म्हणून काम ओळखीचे असो, नात्यातले असो, दोन पाने लिहावीतच. त्यांत या गोष्टी याव्यात:

(१) दोघांची पूर्ण नावे, पत्ते आणि बांधकामाची जागा.
(२) कोणकोणते काम ठेक्यात आहे आणि कोणते नाही.
(३) दर, आणि माप कसे घ्यायचे.
(४) माल, पाणी, वीज, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि रात्रीची राखण कोणाकडे.
(५) पैशाचे टप्पे: पाया, जोते, स्लॅब, भिंती, गिलावा, फरशी.
(६) वाढीव काम निघाले तर त्याचा दर, आणि ते सुरू करण्याआधी मालकाची सही.
(७) मुदत, आणि पाऊस, मालाचा खोळंबा किंवा उशिरा मिळालेले पैसे यामुळे वाया गेलेले दिवस मुदतीत न धरण्याची अट.
(८) अनामत म्हणून मालक किती रक्कम राखून ठेवणार आणि ती कधी परत देणार.
(९) काम मध्येच थांबले तर झालेल्या कामाचे माप घेऊन हिशेब कसा करायचा.
(१०) वाद झाला तर कोणाकडे जायचे.

खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना निदान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. रक्कम मोठी असेल तर किती लागेल ते आधी विचारून घ्यावे.

सहावे कलम विसरू नका. 'मिस्त्री, तेवढी एक भिंत पलीकडे सरकवा,' 'तेवढा कट्टा करून टाका,' असे म्हणत म्हणत आठ दिवसांचे काम फुकट जाते. फुकट करण्याच्या इराद्याने न केलेल्या कामाचा ज्याने लाभ घेतला त्याने मोबदला द्यावा, असे करार कायद्याचे कलम ७० सांगते. म्हणजे कायदा आपल्या बाजूला आहे. पण 'हे काम मी सांगितलेच नव्हते' असे मालक म्हणाला की वहीतली एक सही कलमापेक्षा जास्त कामाला येते.

मालकाचे कागदही पाहा

घर मालकाचे, परवानगी मालकाची, आपल्याला काय त्याचे, असे समजू नये. परवानगीशिवाय उभे राहिलेले बांधकाम पाडण्याची कारवाई १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होऊ शकते. काम मध्येच थांबले की पहिला फटका ठेकेदारालाच बसतो, कारण मजुरांची हजेरी चढलेली असते आणि मालक हात वर करतो. म्हणून मंजूर नकाशा आणि बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्याची प्रत मागून घ्यावी. सळई किती जाडीची, किती अंतरावर, हे अभियंत्याच्या सहीच्या नकाशावरूनच करावे. 'वास्तुविशारद' किंवा 'आर्किटेक्ट' ही पदवी लावण्याचा अधिकार १९७२ च्या कायद्याने वास्तुशास्त्र परिषदेकडे नोंद असलेल्यालाच आहे. तेव्हा नकाशावरचा नोंदणी क्रमांक पाहावा.

स्लॅब खालचे टेकू काढण्याची घाई हा तर जिवाशी खेळ आहे. प्लेटांचे भाडे वाचावे म्हणून ही घाई होते. 'आय.एस. ४५६ : २०००' या भारतीय मानकात साध्या सिमेंटसाठी किमान दिवस दिले आहेत: ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. तुळईचा गाळा ६ मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, त्याहून मोठा असेल तर २१ दिवस. राखमिश्रित सिमेंटला याहून अधिक अवधी द्यावा आणि अभियंत्याचे लेखी मत घ्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. 'मालकानेच घाई केली' हे तेव्हा कोणी ऐकून घेत नाही.

काल मजूर होतो, आज मालक आहोत

दहा माणसे कामावर ठेवली की कायद्याच्या दृष्टीने आपण त्या दहा जणांचे मालक होतो. ज्या वागणुकीविरुद्ध आपण काल चिडत होतो ती आज आपल्या हातून होऊ नये.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली दोन केंद्रीय कायदे झाले: एक त्यांच्या नोकरीच्या अटींचा, दुसरा बांधकाम खर्चावरील उपकराचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे आणि इतर अनेक कामगार कायदे चार श्रम संहितांत सामावले गेले. नावे बदलली तरी गाभा राहिला. १८ ते ६० वयाच्या आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराची नोंद कल्याणकारी मंडळाकडे होते. आपल्या राज्यात 'महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ' हे काम पाहते. मुलांचे शिक्षण, बाळंतपण, आजारपण, अपघात अशा वेळी नोंदलेल्या कामगाराला मंडळाचे साहाय्य मिळते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला लागतो, आणि तो देणे ठेकेदाराच्या हातात असते. हजेरीची वही नीट असेल तर दाखला द्यायला पाच मिनिटे लागतात. खोटा दाखला कोणालाही देऊ नये. खऱ्या कामगाराला दाखल्यासाठी हेलपाटेही घालायला लावू नयेत. नोंदणीची फी नाममात्र आहे. दलालाच्या हातावर पैसे ठेवण्याचे कारण नाही.

मजुरीच्या बाबतीत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. आणि सारख्या कामाला बाई आणि पुरुष असा भेद करता येत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने हे सांगितले होते, आता ते वेतन संहितेत आहे. तेच घमेले, तोच जिना, तेच ऊन. मग बाईच्या हातावर शंभर-दीडशे रुपये कमी का? ही रीत मोडायची तर सुरुवात आपल्याच कामावरून व्हायला हवी. चौदा वर्षांखालील मुलाला तर कामावर उभेच करू नये, मग ते मुकादमाचे असो की स्वतःचे.

आता सर्वांत जड गोष्ट. परांचीवरून माणूस पडला आणि दगावला तर? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ठरलेला हिशेब सामाजिक सुरक्षा संहितेतही त्याच पायावर आहे: महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक. हिशेबापुरती महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरण्याचे जानेवारी २०२० मध्ये ठरले. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. मृत्यूच्या बाबतीत 'त्याचीच चूक होती' ही सबब चालत नाही. विधवेने मूळ मालकाकडे भरपाई मागितली तरी तो ती ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. अडीच लाखांच्या ठेक्यात साडेपंधरा लाखांची जोखीम अशी लपलेली असते. विमा कंपन्यांकडे कामगार नुकसानभरपाईचा विमा मिळतो. तो काम सुरू होण्याआधी उतरवावा, त्याचा हप्ता दरात धरावा. आणि हेल्मेट, पट्टा, भक्कम परांची यांत काटकसर करू नये. विमा पैसे देतो, बाप देत नाही.

कराची भीती नको

'कर' म्हटले की आपली माणसे कागदच टाळतात. पण लहान ठेकेदारावर त्याचे ओझे वाटते तेवढे नाही. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जी.एस.टी.ची नोंदणी लागत नाही. एकट्या सुट्या राहत्या घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर हा कर माफ आहे. मालासह ठेक्यावर मात्र सर्वसाधारणपणे १८ टक्के लागतो, तो दरात धरायला विसरू नये.

बिल्डर किंवा कंपनी एका वेळी ३०,००० हून अधिक, किंवा वर्षात एक लाखाहून अधिक देत असेल तर एकट्या ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का आयकर कापून घेते. पॅन दिला नाही तर हीच कपात २० टक्के होते. कापलेला पैसा बुडालेला नसतो. विवरणपत्र भरले आणि कर लागत नसेल तर तो परत मिळतो. विवरणपत्र न भरल्यामुळे हा पैसा वर्षानुवर्षे सरकारजमा राहतो. शिवाय बँकेत कर्ज मागायला गेले की पहिला प्रश्न विवरणपत्राचाच असतो. एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेऊ नये, तेवढाच दंड होऊ शकतो. पैसे खात्यावर घेतले की पावतीचीही चिंता मिटते.

पैसा अडकला तर

पहिली गोष्ट, गप्प बसू नका. झालेल्या कामाचे पैसे मागण्याचा दावा साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. 'दिवाळीला देतो, शिमग्याला देतो' यात तीन वर्षे निघून जातात. मुदतीच्या आत मालकाने 'एवढे देणे आहे' असे सहीनिशी लिहून दिले तर मुदत तेथून नव्याने सुरू होते. म्हणून तोंडी वायद्यापेक्षा दोन ओळींचे लेखी कबुलीपत्र घ्यावे. मागणीचे पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवावे.

धनादेश परत आला तर तारखा सांभाळाव्यात. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा. परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यावर मालकाला १५ दिवस असतात. त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी. गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एक तारीख चुकली की हे हत्यार बोथट होते.

वकिलाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न येतोच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा जातीचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा प्राधिकरणात जावे. दावा लावण्यापूर्वीच लोकअदालतीत तडजोड करण्याची सोयही तेथे आहे. हा उपकार नाही, हक्क आहे.

भागीदारी लिहूनच करा

दोन मित्र, दोन साडू किंवा दोन भाऊ मिळून ठेके घेतात. सुरुवातीला एक ताट असते, मोठे काम मिळाले की दोन होतात. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एका भागीदाराने धंद्यासाठी केलेले देणे सर्वांच्या डोक्यावर येते. आणि भागीदारी संस्थेची नोंद नसेल तर करारातील पैशासाठी बाहेरच्या माणसावर दावाच चालत नाही. म्हणून कोणी किती भांडवल घातले, नफ्यातोट्याचा वाटा किती, सही कोणाची, हे लिहून संस्थेची नोंद करावी. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की कागदाने नाते तुटत नाही, हिशेबाच्या गोंधळाने तुटते.

शहरातल्या इमारती आपल्या माणसांच्या हातांनी उभ्या राहिल्या. हात तयार आहेत, नजर तयार आहे. उरते ते लिहिणे. येत्या रविवारी शंभर पानांची एक वही आणावी. पहिल्या पानावर चालू कामाचा दर, माप आणि टप्पे लिहून मालकाची सही घ्यावी. दुसऱ्या पानापासून हजेरी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातल्या शाळकरी मुलाला संध्याकाळी शेजारी बसवावे. मुलगा हिशेब शिकेल, आणि बापाच्या घामाची किंमत किती हे त्याला आकड्यांत कळेल.